झेरॉक्समधला वाघदेव

त्या चार पानांची मला आजही किळस येते. तहसील कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे ती मिळायची. वर ठळक अक्षरात, 'पडताळणीत विचारले जाणारे प्रश्न व त्यांची योग्य उत्तरे'. तुमचे कुलदैवत कोणते, लग्न कोण लावते, मयताला काय करता, वाघदेव कशाचा असतो. प्रश्नापुढे उत्तर, उत्तराखाली रेघ. इतिहासाचं गाईड असतं तसं. फक्त त्या गाईडचा विषय आम्ही होतो.

आम्ही कोकणा, आदिवासी. पाडा हरसूलच्या पलीकडे, डोंगरात. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बीए झाले तेव्हा बानं आठवडे बाजारातून पेढे आणले नाहीत, बोंबील आणले, आणि सगळ्या पाड्याला जेवायला घातलं. ते मी आजही ताठ मानेनं सांगते. मग नाशिकला एमएला नाव घातलं, विषय सामाजिक मानवशास्त्र. पंचवटीत चौघीजणी एक खोली करून राहायचो. प्रवेश राखीव जागेवर, म्हणून अट होती: जमातीच्या दाखल्याची पडताळणी करून वैधतेचा कागद सहा महिन्यांत आणायचा, नाहीतर प्रवेश रद्द. शेजारच्या पाड्यावरच्या एका पोराचा असाच रद्द झाला होता. तो आता गंगापूर रोडला एका बिल्डिंगवर वॉचमन आहे.

वर्गात सर सांगायचे, जमात म्हणजे रितीभातींची यादी नव्हे. भाषा बदलते, कपडे बदलतात, देव बदलतात, तरी 'आपण' आणि 'ते' ही रेघ माणसं ओढतच राहतात. ती रेघ बघा, आतलं सामान मोजत बसू नका. मला हे इतकं पटलं की त्यावरच्या निबंधाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. सरांनी त्यातले दोन परिच्छेद वाचून दाखवले. त्याच आठवड्यात मी त्या चार पानांच्या दोन प्रती काढल्या. एक माझी, एक बाची.

बाला वाचता येतं, सावकाश. पहिलं पान वाचून तो हसला.

"आपल्यावरच पेपर हाय व्हय? मंग मी नापास झालो तर?"

"हसू नको, बा. पाठ कर."

"अगं बाय, जे करतो त्येच सांगन ना."

"जे करतो ते नको. जे लिहिलंय ते."

हे मी बोलले. शब्द माझेच आहेत, दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाहीत.

आम्ही करतो काय, तर ऐका. दसरा झाला की आमचा अर्धा पाडा दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जातो. वाघबारस त्याच दिवसांत येते. मालक सुट्टी देत नाही. गुरं घरी, माणसं मळ्यात, पण गुरांना सांभाळ म्हणून वाघाला सांगायला तर पाहिजे. म्हणून बा बांधावरचा एक दगड निवडतो, ठिबकच्या नळीखाली धुतो, शेंदूर लावतो, घरून आणलेल्या पिठाची नागलीची भाकर पुढे ठेवतो. मग दोन बाप्ये वाघ होऊन गुरगुरत द्राक्षाच्या ओळींतून पळतात आणि बाकीचे हातातलं काम टाकून त्यांच्या मागे. माझ्या आठवणीत वाघबारस अशीच आहे. झेरॉक्समधला वाघदेव लाकडी होता, शिवेवर उभा, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. तशी फळी आमच्याही शिवेवर होती म्हणतात. ती वाळवीनं खाल्ली तेव्हा माझा जन्मही नव्हता.

घरी पडताळणीच्या चौकशीला माणूस आला तो मोहाची फुलं पडायच्या दिवसांत. सभ्य माणूस. खाटेवर बसला, चहाला नाही म्हणाला नाही. मांडीवर फाईल. कुलदैवत झालं, लग्न झालं, मयत झालं. बा बरोबर सांगत होता. मग वाघदेव आला.

"वाघबारसला आम्ही मळ्यात असतो सायेब," बा म्हणाला. "द्राक्षाच्या. तिथं बांधावरचा दगूड घेतो..."

त्या माणसाचं पेन थांबलं. "म्हणजे गावात काही करत नाही?"

बा तोंड उघडणार, तेवढ्यात मी मध्ये पडले. "साहेब, त्याला प्रश्न कळला नाही. ऐकू कमी येतं त्याला. आमचा वाघदेव लाकडी आहे. शिवेवर. त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. पूजा गुराखी करतात."

पेन पुन्हा चालायला लागलं. मी सांगितलं तसंच, शब्दाला शब्द, कागदावर उतरलं.

"बघायला मिळेल का?"

"मिळेल की साहेब. दोन टेकड्या चढाव्या लागतील."

त्यानं आपल्या बुटांकडे बघितलं. "राहू द्या."

खाली मी सही केली. बानंही केली, एकेक अक्षर लावत. माणूस गेला. आई कप गोळा करत म्हणाली, "कधीपासून बहिरा झाला गं तुझा बा?" बा टोपली उचलून मोहाखाली गेला. दूर रानात गाय हंबरली तर कुणाची ते सांगणारा माणूस तो. मी घरात बसून होते आणि तोंडात एक घाण चव आली होती, कडू औषध जिभेवरच विरघळल्यासारखी. चहा प्याले तरी जाईना.

कागद मिळाला. प्रवेश वाचला.

पुढच्या वर्षी प्रबंधिकेला विषय द्यायचा होता. मी सरांना मळ्यातला वाघदेव सांगितला. सर खुर्चीत पुढे सरकले. "हे कुणी लिहिलेलं नाही. हेच घे. दुसरं काही बघू नकोस." मी उड्या मारत बाहेर पडले. हरसूलच्या एसटीत बसले आणि त्र्यंबकच्या अलीकडे कुठेतरी डोक्यात उजेड पडला. फाईलमध्ये माझी सही आहे. फळी शिवेवर आहे, असं मी लिहून दिलंय. आता ती नाहीच असं छापून काढलं, तर पहिलं खोटं ठरणार. आणि चुलत बहीण बारावीला होती. तिच्या पडताळणीला रक्ताच्या नात्यातला पुरावा म्हणून माझाच कागद लागणार होता.

सरांना मी दुसरा विषय दिला: त्र्यंबकच्या फुलवाल्या. पास झाले. प्रबंधिका परत देताना सर म्हणाले, "हा तुझा विषय नव्हता." मला सगळ्यांचीच शिसारी आली होती. झेरॉक्सवाल्याची, त्या बुटांची, आणि निबंधात रेघ रेघ करणाऱ्या माझी तर जास्तच. रेघ ओढायची वेळ आली तेव्हा मी सामानच मोजून दिलं होतं, तेही दुसऱ्याचं.

त्या वाघबारशीला मी मुद्दाम मळ्यात गेले. बा ठिबकच्या व्हॉल्वजवळ उकिडवा बसून दगडाला शेंदूर लावत होता. मी भाकर बांधलेली फडकी घ्यायला हात पुढे केला.

"तुझा वाघदेव लाकडाचा ना गं?" तो म्हणाला. "सूर्य-चंद्रवाला. ह्यो दगडाचा हाय."

बाया खाली मान घालून हसल्या. सगळ्यांना ठाऊक होतं.

"बा, चुकलं माझं."

"काय?" त्यानं कानामागे हात नेला. "ऐकू कमी येतं मला."

फडकी मात्र त्यानं माझ्या हातात दिली. पण तेव्हापासून रितीभातीचं काहीही विचारलं की त्याचा हात कानामागे जातो. फुलवाल्यांनी मला सगळं सांगितलं, परक्या असून. माझा बा सांगत नाही.

चुलत बहिणीचा कागद मागच्या वर्षी आला, म्हणून हे आता लिहिते आहे. ज्याला फाईल काढायची त्यानं काढावी. आमच्या शिवेवर काही नाही. वाघदेव दिंडोरीकडे एका मळ्याच्या बांधावर असतो, दर साली नवा दगड, आणि माझ्या बाला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं.