सानगडीचं अंगण, पोर्ट आठ हजार

सानगडीच्या स्टँडवर साकोलीची एसटी लागली, तेव्हा माय माझ्या बॅगेच्या चेनवर सुतळी बांधत होती. चेन धडधाकट होती, पण विमानात सामान फेकतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं गाठ मारली, दातानं सुतळी तोडली आणि म्हणाली, "पोचली का आवाज दे." आमच्याकडे आवाज देणं म्हणजे हाक मारणं. जर्मनीत उतरल्यावर मी शेजारच्या शेवंताकाकूच्या फोनवर मेसेज टाकला आणि माझं कर्तव्य संपलं. दुसऱ्या दिवशी माय फोनवर म्हणाली, "मेसेज आला. आवाज नाही आला." मी हसण्यावारी नेलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तुमच्यातले जे गाव सोडून गेले आणि जे तिथंच राहिले, त्या दोघांनाही हे ठाऊक आहे की आपण फोनवर खोटं बोलतो. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यापासून माय घरात एकटी. कशी आहेस विचारलं की एकच उत्तर, "सगळं बरं हाय." ओट्यावरून घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हाही सगळं बरंच होतं. मला कळलं ते प्लास्टर निघाल्यावर. आणि मी तरी कुठे कमी होते? ती विचारायची, तुझं कसं? मी सांगायचे, मजेत, दर रविवारी मैत्रिणी जेवायला येतात, घर नुसतं भरलेलं असतं.

मनगटाचं कळल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. जानेवारीत गावी गेले ते ठरवूनच. कॅमेरा लावते म्हटलं तर माय फणकारली, "मी का बँक हाय, कॅमेरा लावाले?" मग आवाजावर तडजोड झाली. मी पोटासाठी नेटवर्कचं काम करते, म्हणजे एका मशीनचं म्हणणं दुसऱ्या मशीनपर्यंत पोचवते. एवढं स्वतःच्या घरासाठी जमायला काय हरकत होती?

छपरीच्या, म्हणजे पुढच्या पडवीच्या, वाशाला छोटा माईक बांधला, आत फडताळात तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवला. तो अंगणातला आवाज पकडणार आणि थेट इंटरनेटवर सोडणार, मधे कुणाचं ॲप नाही की कंपनी नाही. पण आमच्या भागातल्या कितीतरी कनेक्शनना बाहेरच्या जगासाठी मिळून एकच पत्ता. बाहेरून कुणी आलं तर नेमकं कुणाच्या घरी जायचं ते कळायला मार्ग नाही. साकोलीच्या इंटरनेटवाल्याकडे तीन चकरा मारून आमच्या घरासाठी वेगळा पत्ता मिळवला. मग राउटरमध्ये बाहेरून आत यायला एक दार उघडलं, पोर्ट आठ हजार.

हे मायला समजावून सांगितलं तेव्हा ती विचारात पडली. "दार उघडं ठेवशील त ढोरं नाही शिरन का?"

"पासवर्ड लावला आहे."

"मंग ठीक हाय."

आवाज थोडा साठून मग पुढे सरकतो, त्यामुळे दहा सेकंद उशिरा पोचतो. माझं त्यावर काही म्हणणं नव्हतं. एक गोष्ट मात्र मी मायला सांगितली नाही. मनात ठरवलं होतं की महिनाभर ऐकायचं, आणि घर रिकामं वाजलं, तर परत येऊन तिला जर्मनीला घेऊनच जायचं. घराला कुलूप.

मला काय ऐकायचं होतं ते सांगते. आमच्या अंगणात दुपारी चार बाया बिड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपान, आणि पानं कापणाऱ्या कात्र्यांची कचकच. त्यात नवऱ्यांची निंदा, सुनांची निंदा आणि लुगड्यात तोंड खुपसून हसणं. दहावीचं गणित मी त्या गोंगाटात सोडवलं आहे. अजूनही मला शांततेत नीट हिशेब सुचत नाही.

जर्मनीत परतून ऑफिसात हेडफोन लावला आणि पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी एक कावळा आला. मी माईकची पातळी वाढवली, सेटिंग बदलून पाहिलं, कॉम्प्युटर इथूनच पुन्हा सुरू केला. लांब तळ्याकडून जाणारा ट्रॅक्टर स्वच्छ ऐकू येत होता, म्हणजे माईक ठीक होता. अंगणातच कुणी नव्हतं. तिथली संध्याकाळ झाली की माय मेणबत्ती लावून वंदना म्हणायची, सावकाश, एकेक शब्द सुटा. एवढ्या घरात तो एकच आवाज. जर्मन माणसांनी भरलेल्या त्या खोलीत माझे डोळे भरून यायचे आणि मला स्वतःचा राग यायचा. अकरा वर्षं मी हिला अशा घरात ठेवलं?

महिना पुरा व्हायची वाटही पाहिली नाही. मायच्या व्हिसाचे कागद गोळा केले, माझी सुट्टी टाकली. ती सहजी हलणार नाही हे माहीत होतं, म्हणून शेवंताकाकूला फोन लावला. म्हटलं, काकू, मी तिला न्यायला सुट्टी टाकली आहे, तू समजाव तिला, किती दिवस अशी एकटी राहणार?

"एकटी?" काकू म्हणाली. "कोन, तुही माय? अवं, दिवसभर माह्याच छपरीत रायते ते. तुह्या त्या डब्बीपायी आमाले अंगणातून हाकललं तिनं. सूपं घेऊन साऱ्या जणी माह्याकडं येऊन बसलो. तिथंबी म्हणते, हळू बोला, वाऱ्यानं जाईन."

मी लगेच मायला फोन लावला. ती मलाच दटावायला लागली. "तू हापिसात ऐकून राहिली ना? ह्या बायांचं तोंड का ठिकाण्यावर रायते? तुह्या साहेबाले ऐकू गेलं त नोकरी जाईन तुही."

"साहेबाला मराठी येत नाही, माय. आणि हेडफोनमधून फक्त मला ऐकू येतं."

"शिवी सगळ्याइले समजते," ती म्हणाली.

तिची समजूत घालायला आठवडा गेला. मग एका दुपारी हेडफोनमध्ये कात्र्या सुरू झाल्या, आणि पाठोपाठ काकूनं कुणाच्या तरी जावयाचा असा उद्धार केला की मी खरंच साहेबाकडे चोरून पाहिलं. व्हिसाचे कागद खणात टाकले. घर भरलेलं होतं. मी जिंकले असं मला वाटलं.

पण माय हिशेबाची पक्की. पुढच्याच फोनवर म्हणाली, "माह्या घरचा आवाज तू ऐकते. तुह्या घरचा मले काहून नाही ऐकवत?"

इथं अर्ध्या तासाचं काम. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या फळीवर माईक ठेवला, मायच्या फोनवर ऐकायचं एक बटण करून दिलं. रविवारी दुपारी माझी जेवायची वेळ म्हणजे तिची संध्याकाळ. लावण्याआधी मी स्वतः एकदा ऐकून पाहिलं. फ्रिज घुरघुरत होता, बाकी काही नाही. इथल्या खिडक्या दुहेरी काचांच्या, आणि रविवारी आवाज केला तर शेजारी दारावर तक्रारीची चिठ्ठी लावतात. दर रविवारच्या मैत्रिणी आता आणायच्या कुठून? एक होती, ती चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात गेली. मग मी कुकरच्या शिट्ट्या काढल्या, भांडी आपटली, नळ सोडून ठेवला, लॅपटॉपवर गप्पांचा एक कार्यक्रम मोठ्यानं लावला. मायनं घर गप्प केलं होतं, मी वाजवत होते.

असे दोन रविवार झाले. मग तिचा फोन आला.

"आवाज साफ येते, बाई. कुकर वाजते, नळ वाजते, टीव्हीवाले बोलते." मग म्हणाली, "ताट एकच वाजते."

मला खोटं सुचलं नाही. पहिल्यांदाच सुचलं नाही. मी फोन धरून रडले, आणि ती काहीही न विचारता ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मले तिकडं नेऊ नको. तूच ये, सुट्टी टाकली हायेस ना. तवरक जेवाले बसशील त सांगत जा."

त्या रविवारी मी काही वाजवलं नाही. वरणभात केला, एकच ताट घेतलं, बाजूला सानगडीचं अंगण स्पीकरवर लावलं. तिथं संध्याकाळ झाली तरी कात्र्या चालू होत्या. मग माईककडे तोंड करून, अंगणातून आत हाक मारावी तसं मोठ्यानं म्हटलं, "माय, बसले गं जेवायला."

दहा सेकंद माझा आवाज तिकडे जायला, दहा तिचा इकडे यायला. एवढ्यावर आहे आता माझं घर. मी घास हातात धरून बसून राहिले. कात्र्या थांबल्या. काकूनं कुणाला तरी गप्प केलं.

"आला आवाज," माय म्हणाली. "जेव आता."