गवताखालचं पाणी

व्हर्डेल सग्जच्या नाकावर कायम राग असे, आणि बेलफर गावात त्याची कुणी तक्रार करत नसे. अमेरिकेतल्या अलाबामाच्या उन्हात तिनं उभं आयुष्य शाळेची बस चालवली. मागे पोरं कोकलू लागली की ती आरशात नुसती बघायची आणि बस चिडीचूप व्हायची. निवृत्त झाल्यावर माणसं अंगणात बसून उकडलेल्या शेंगा खातात. हिनं कात्री हातात घेतली. दर शनिवारी गावच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत ती आपल्या काळ्या वस्तीतल्या चिमुरड्यांना कागदाच्या वस्तू करायला शिकवायची, आणि त्यांच्यासोबत आपल्या लोकांचा इतिहास.

मुलं कागदी चौकोन जोडून पणज्यांच्या गोधड्या करत, चर्चमध्ये वारा घ्यायच्या पुठ्ठ्याच्या पंख्यांवर घरच्या म्हाताऱ्यांचे चेहरे चिकटवत. फेब्रुवारी हा देशभर काळ्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात, तेव्हा सगळ्या शाळांना त्या इतिहासाचा उमाळा येतो आणि मार्च लागला की तो ओसरतो. व्हर्डेलचा फेब्रुवारी बारा महिने चालायचा.

त्या उन्हाळ्यात तिनं हिरवा कागद काढला.

वाचनालयामागे गुळगुळीत हिरवळ आहे. तिथं पूर्वी गावाचा पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. व्हर्डेल लहान असताना कोर्टानं तो सर्वांना खुला करायला सांगितलं. आईनं पिवळं कापड आणून तिच्यासाठी पोहायचा पोशाख शिवला. तो घालून ती फाटकापाशी गेली, तर आत मातीचे ट्रक रिकामे होत होते. काळ्या पोरांबरोबर एका पाण्यात उतरण्यापेक्षा गावानं आपला तलावच बुजवून टाकला. ज्यांना आम्ही काळे लोक पाण्यात दिसलेले चालत नव्हतो, ते पुढे जन्मभर आम्हाला पाण्यात पाहत आले. व्हर्डेल अजूनही पोहायला शिकलेली नाही.

तर तिनं मुलांकडून निळ्या कागदावर छोटी कागदी माणसं चिकटवून घेतली आणि वर हिरवा कागद एकाच कडेनं डकवायला लावला. वरून बघितलं की गवत. कागद उचलला की खाली तलाव, त्यात माणसं. मुलांनी तो शंभरदा उचलला असेल.

झनाया नावाची सात वर्षांची मुलगी जरा जास्तच मन लावून शिकली. घरून चमचा घेऊन ती हिरवळीवर गेली आणि खरं गवत उचलायला बसली. पाणी काही लागलं नाही, पण निळ्या फरशीचा तळहाताएवढा तुकडा लागला. तो हातात नाचवत, चिखलाच्या पायांनी, ती माणसांनी भरलेल्या वाचनाच्या दालनातून धावत आली. तलाव सापडला म्हणून ओरडत.

मग काय, तक्रारी झाल्या. वाचनालयाच्या प्रमुख टिसडेलबाई गोड बोलणाऱ्या. त्यांनी व्हर्डेलला बोलावून घेतलं आणि पुढच्या शनिवारपासून फुलपाखरं करायला सांगितली. नाहीतर खोली मिळणार नाही. आणि तो फरशीचा तुकडा वाचनालयाच्या मालकीचा आहे, तो परत करावा.

"मुलं लहान आहेत हो, मिस व्हर्डेल."

"मीही लहानच होते, बाई."

"लोकांना वाईट वाटतं."

"वाटू दे की. वाईटच झालं होतं."

बोलून तर आली, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. चर्चच्या सभागृहाचं छप्पर वादळात उडालेलं, वस्तीत दुसरी जागा नाही. खोली गेली की वर्ग संपला. चर्चमधली तिची मैत्रीण ओर्लिन पडतं घ्यायच्या मताची. ती म्हणाली, "करून टाक फुलपाखरं. पंखांच्या आत चिकटव तुला काय हवं ते. कोण बघतंय?"

"झाकपाक त्यांनी केली, सिस्टर," व्हर्डेल चर्चमधल्या सवयीनं म्हणाली. "मी कशाला करू?"

ओर्लिन रागावून उठून गेली.

शनिवारी खोलीला कुलूप होतं. व्हर्डेलनं मुलांना टॉवेल आणायला सांगितलं होतं. हिरवळ काही कुणाच्या बापाची नव्हती, सगळ्यांसाठी खुली अशी पाटीच होती तिथं. मुलांनी निळ्या कागदाची भलीमोठी गुंडाळी गवतावर उलगडली आणि कडांवर दगड ठेवले. झनायानं आपला फरशीचा तुकडा एका कोपऱ्यात मांडला. मग पोहायच्या कपड्यांतली ती सगळी वरात पाण्यात उतरली. व्हर्डेलनं बूट काढले, नाक चिमटीत धरलं आणि तीही उतरली.

टिसडेलबाई लगबगीनं आल्या. इथं वर्ग भरवायला परवानगी नाही म्हणाल्या.

"वर्ग कुठाय? पोहायला आलोय आम्ही."

"मिस व्हर्डेल, इथं पाणी नाहीये."

"नाहीये ना? मग कुठं गेलं ते या मुलांना सांगा. सांगितलंत की आम्ही उठतो."

मुलं बाईंकडे बघू लागली. खरंच ऐकायचं होतं त्यांना. बाई तशाच उन्हात उभ्या राहिल्या.

तेवढ्यात फाटकातून ओर्लिन आली. खांद्यावर टॉवेल, हातात चर्चचा पंखा. बाईंना वळसा घालून तिनं चपला काढल्या.

"सरक जरा," व्हर्डेलला म्हणाली, आणि पाण्यात बसली.