गुढी बांधली अरेस्टरला

आमच्या इमारतीत मराठी घर एकच, ते आमचं. त्यामुळे पाडव्याला माझी हौस जरा उतूच जाते. त्यात लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. म्हटलं, यंदाची गुढी अख्ख्या जबलपूरला दिसली पाहिजे! गच्चीवर वीज झेलायचा अरेस्टर आहे, टोकदार सळईचा उंच खांब. त्यालाच काठी बांधली. खांबापासून निघणाऱ्या तांब्याच्या पट्टीत साडी अडकून राहिली होती, म्हणून पेचकसनं स्क्रू काढून पट्टी बाजूला सारली. संध्याकाळी गुढी उतरवली. स्क्रू लावायचा राहूनच गेला.

तळमजल्यावरचे भैया जन्मभर बिजलीचं काम करून रिटायर झालेले. उन्हाळाभर ते कंपाउंडजवळच्या एका खड्ड्यात बादलीनं पाणी ओततात. मी हसायची, "क्या भैया, क्या बोया है?" ती पट्टी भिंतीवरून उतरून त्याच खड्ड्यात जाते आणि माती ओली असली की वीज मुकाट जमिनीत मुरते, हे त्यांनी मला दहादा सांगितलं असेल. ऐकतंय कोण!

वैशाखातल्या एका सकाळी ते माझ्या दारात. चार जिने चढून, गच्ची बघून आलेले, धापा टाकत होते.

"दीदी, पट्टी किसने खोली?"

"मैंने. त्योहार था हमारा." वर आणखी तोंड सोडलं, की गच्ची काय तुमच्या एकट्याची आहे!

ते चिडले नाहीत. म्हणाले, "गाज गिरी तो ज़मीन का रास्ता ढूँढेगी. पट्टी नहीं मिली तो आपकी दीवार से जाएगी." गाज म्हणजे इकडे वीज. मग दुखऱ्या गुडघ्यांनी पुन्हा गच्चीवर गेले, जोड घासूनपुसून साफ केला, स्क्रू आवळला. मी साधा चहासुद्धा विचारला नाही.

"आई, काहून भांडून राहिलीस गं त्यांच्याशी?" लेक म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पनागरकडून आभाळ काळं होऊन आलं. लेक आतल्या खोलीत पडली होती. तिच्या उशामागे भिंत, आणि भिंतीबाहेर तीच पट्टी. एकदम पांढराफटक उजेड झाला आणि असा काही आवाज, की बाप रे! मला वाटलं घर कोसळलं. ओरडतच आत धावले. लेक उठून बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"हलतंय गं आई," ती म्हणाली.

टीव्ही गेला, पंखा बंद पडला. भिंतीला मात्र साधी चीर नाही.

तेवढ्यात भैया जिना चढून आले. "बिटिया ठीक है ना?"

माझ्या वेंधळेपणाची शिक्षा माझ्या लेकीला व्हायची, ती या माणसानं टाळली. मी त्यांच्या पायाशी वाकले, तर ते झटकन मागे सरले.

"ना दीदी! हमारे यहाँ बहन-बेटी पाँव नहीं छूती. उनके पाँव हम छूते हैं."

आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठा तो माणूस आत जाऊन लेकीच्या पायाशी वाकला. तिनं संकोचून पाय ओढून घेतले. मी दाराला धरून उभी राहिले आणि पोटभर रडले.