मेंढ्या कुणी बसवल्या

माले गावच्या एका विधवेवर अन्याय झाला तो धुळवडीच्या दिवशी, सकाळी, ती कुदळ घेऊन शेतावर पोचली तेव्हा. बांधावर काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली होती. हे ज्यांनी केलं त्यांत मी होतो.

पुण्यातल्या काकांना मुळशीकडे जमीन घ्यायची होती. मी कुळांच्या हक्कांची पत्रकं लिहायचो, म्हणून "तुला यातलं कळतं" म्हणत त्यांनी मलाच चौकशीला पाठवलं. आठ दिवस हिंडलो. भाव विचारले, उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं का, पावसात रस्ता बंद पडतो का, सगळं विचारलं. तलाठ्याकडे सातबारा पाहिला. त्यावर मालकाशिवाय कुणाचं नाव नव्हतं. शेतात राबणाऱ्या बाईबद्दल मालक म्हणाला, "ती होय? मजुरीला येते." मी लिहून दिलं: जमीन मोकळी आहे. काकांनी ती घेतली आणि धुळवडीला ताबा घ्यायला मलाच धाडलं.

बाई काट्यांपलीकडे उभी राहिली. "बाबा, लई हिंडलास. चावडीत इचारलंस, मालकाला इचारलंस. माज्या दारावरनं दोनदा गेलास."

शेजारच्या पडीक रानात मेंढ्या चारणारा म्हातारा धनगर हसला. "शिकल्यालं हाय त्ये, कागदच वाचणार. आरं, खतासाठी रानात मेंढरं बसवली की आमाला धान्य कोण देतं? कसतो त्यो. मालक कशाला दील? धा वर्सं ह्या रानात मेंढरं बसवतोय, धा वर्सं हिच्याच घरचं तांदूळ खातोय. कागदाला लेंड्यांचा वास येत न्हाई, बाबा."

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कागद स्वच्छ आहे ना? मग झालं." त्यानंतर मी त्यांच्या घरी जेवलो नाही.

आता पौडला खोली घेऊन राहतो. कूळ म्हणून नाव लागावं यासाठी बाईनं अर्ज केलाय; त्याची तारीख असली की तालुका कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. धनगराची साक्ष हवी आहे, पण तो कळप घेऊन कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. बाई येते, दुसऱ्या टोकाला बसते, भाकरीचं फडकं सोडते. मला घे म्हणत नाही. म्हणावं तरी का? पत्रकांत मी नेहमी 'आम्ही' लिहायचो. त्या पायरीवर मी एकटाच असतो.

तुम्ही जमीन बघायला निघाला असाल तर सातबारा मागाहून उघडा. आधी बांधावर जा, या रानात मेंढ्या कुणी बसवल्या ते विचारा, आणि त्या माणसाच्या दारात उभं राहून सांगा की त्याचं रान तुम्ही घ्यायला आलात. तेवढं तोंड नसेल, तर आल्या वाटेनं परत जा.