वजन उतरवायची पैलवानी

माझा नवरा मैदानावर तोंडावर पडला, तेव्हा साहेबाने आधी हातातलं घड्याळ बघितलं आणि मग त्याच्याकडे. आम्ही बायका क्वार्टरच्या तारेशी उभ्या होतो. तार वाकवून मी आत गेले. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. हे फौजेत नायक होते आणि तेव्हा त्यांची तुकडी आमच्याच वर्धा जिल्ह्यात होती. हवालदारकीसाठी नाव लागलं होतं. पण वजन तक्त्यात बसायला हवं आणि ठरल्या वेळात मैदानाच्या फेऱ्या पळून व्हायला हव्या. यंदा चुकलं तर पुढे वय नव्हतं. नोकरीची वर्षं संपली की नायक म्हणूनच घरी बसायचं होतं.

तक्ता म्हणजे डॉक्टरच्या खोलीतला एक कागद. उंचीसमोर वजन लिहिलेलं, बाकी माणूस कसा आहे याची चौकशी नाही. हे आर्वीकडचे, लग्नाआधी तालमीत वाढलेले. मान आणि खांदे असे की शर्ट शिवूनच घ्यावा लागे. त्यांना लठ्ठ ठरवलं. शेजारच्या क्वार्टरमधला दुसरा नायक खरोखरच ढेरपोट्या, त्यालाही लठ्ठ ठरवलं. पुढे काही वर्षांनी चरबी मोजायचा चिमटा घेऊन दुसरा डॉक्टर आला. यांची कातडी चिमट्यात धरून म्हणाला, याच्या अंगावर चरबी कुठे आहे? विचारायला फार लवकर आला.

पण मूर्खपणा एकट्या तक्त्याचा नव्हता. यांना तालमीतली युक्ती आठवली. कुस्तीआधी वजन उतरवायला पैलवान पाणी तोडतात, घोंगडी पांघरून घाम काढतात आणि चिंच तोंडात धरून थुंकत बसतात. हीच विद्या यांनी शेजाऱ्याला शिकवली. मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, दोन बाप्ये घोंगड्या पांघरून मधे डालड्याचा डबा ठेवून थुंकत होते. देशाचं रक्षण करणारे हे.

मी पाण्याचा गडू पुढे केला. म्हटलं, "घोटभर तरी घ्या. मराल असे."

"काट्यावरून उतरलो का पेतो. तू चूप राय."

शेजारी म्हणाला, "वहिनी, भाऊले बोलाले लावू नका. त्यायचं थुंक वाया जाते."

त्याची बायको दारात उभी होती, तीही हसली. मी नाही हसले.

सकाळी दोघे काट्यावर चढले आणि दोघेही तक्त्यात बसले. एकमेकांना टाळ्या दिल्या. तालमीत वजन झाल्यावर कुस्तीला वेळ असतो. पैलवान तोवर पाणी पितो, जेवतो, झोप काढतो. इथे नेहमी पळणं दुसऱ्या दिवशी असे, त्या भरवशावर हे राहिले. त्या दिवशी साहेबाला वर्ध्याला जायचं होतं, म्हणून पळणं लगेच घेतलं. आम्ही दोन दिवस पाणी प्यायलो नाही, एवढं सांगायला यांना तोंड नव्हतं. सांगितलं असतं तर वजनाची लबाडी उघडी पडली असती. एक चूळ भरली आणि जाऊन रांगेत उभे राहिले.

हे अर्ध्यात पडले. ढेरपोट्या मात्र वेळेत पोचला. पास झाला. हात वर करून त्याने बायकोला दाखवलं, मग खाली बसला आणि ओकू लागला. ओकायला पोटात काही नव्हतं.

दोघांना एकाच ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. आम्ही दोघी मागे बसलो होतो, तिच्या मांडीवर तिच्या नवऱ्याचं डोकं, माझ्या मांडीवर यांचं. डॉक्टरने सांगितलं, लघवी सुटली तर माणूस वाचेल. यांची तिसऱ्या दिवशी सुटली, काळ्या चहासारखी. शेजाऱ्याची सुटली नाही.

यांना हवालदारकी मिळाली नाही. माझा नवरा जगला, तिचा गेला.