कडेची बाई हलली

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्या आयुष्यात होतं तरी काय? एवढं एकच होतं. आता ती नाही, दुकान नाही, भिंग लावल्याशिवाय अक्षर दिसत नाही. थकलोय. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो.

गेल्या वर्षी वर्ध्यातल्या नव्या फोटोग्राफर मंडळींनी शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. म्हणाले, काका, धंद्यात कोणत्या चुका टाळायच्या ते सांगा. मी सांगितल्या. एका बैठकीला काचेच्या दोन प्लेटा घ्या, कंजुषी करू नका. फोटो काढून झाला की प्लेटेच्या चौकटीवर तिथल्या तिथे खडूची खूण करा. पोरं हसली — प्लेटा कुठे राहिल्यात आता? मीही हसलो. टाळ्या झाल्या, चहा-चिवडा झाला. त्या दोन्ही चुका मी एकाच दिवशी केल्या होत्या, हे काही बोललो नाही. आणि त्यानंतर जे केलं, त्याला चूक म्हणायचं का? मला तरी म्हणवत नाही.

नागपूरला ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उस्ताद म्हणायचे, प्लेट कधी चुकत नाही, गिऱ्हाईक हलतं. धंद्याची पहिली शिकवण ती. फोटो काळा आला, पांढरा आला, धुताना नखाचा ओरखडा पडला — काहीही होवो, गिऱ्हाइकाला सांगायचं, तुम्ही हललात. माणूस ओशाळतो. आपण हललो नाही हे कोणाला शपथेवर सांगता येतं? मुकाट्यानं परत येऊन बसतो, आणि दुकानाचं नाव साफ राहतं. मी हे शंभरदा म्हटलं असेल. त्यात काही पाप आहे असं तेव्हा वाटायचंसुद्धा नाही.

छप्पन्न सालचा दसरा होऊन गेला होता. नागपूरहून दीक्षा घेऊन आलेली घरंच्या घरं त्या हिवाळ्यात फोटो काढायला यायची. पांढरं धोतर, पांढरं लुगडं, आणि चेहऱ्यावर असं काही, की मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली जरा जास्तच वेळ थांबायचो. मोठ्या आंजीहून एक कुटुंब बैलगाडीनं आलं. म्हातारे गोमाजी, त्यांची बायको, मुलगा लहानू, आणि सून भागरता — तिच्या कडेवर सहा महिन्यांचं पोर. गोमाजींनी जन्मात फोटो काढला नव्हता. मी खुर्ची दाखवली तर ते खुर्चीशेजारी जमिनीवर टेकायला लागले. लहानू म्हणाला, "वर बसा, बाबा. आता वरच बसाचं." म्हातारा खुर्चीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मान ताठ केली. भागरता उजव्या कडेला उभी राहिली.

त्या काळी प्लेटांची लाकडी चौकट असायची, तिच्या दोन बाजूंना दोन काचा. एक बाजू वापरली की खडूची फुली मारायची आणि पुढच्या फोटोला चौकट उलटायची. त्या सकाळी मी एका कापसाच्या दलालाच्या मुलीचा, स्थळाकडे पाठवायचा फोटो काढला होता. दलाल गप्पिष्ट, मी त्याच्याहून गप्पिष्ट. फुली मारायची राहिली. आंजीच्या लोकांचा फोटो मी त्याच काचेवर काढला. एकच काढला. दुसरी प्लेट कशाला घालवायची? — असं मनात आलं होतं, हे मला लख्ख आठवतं.

संध्याकाळी काच धुतली तेव्हा कळलं. गोमाजींच्या छातीवर दलालाची मुलगी उभी, हातात कागदी फुलांचा गुच्छ घेऊन. दोन्ही फोटो वाया.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा सायकलला बांधून दलालाच्या घरी गेलो. हात जोडले. म्हटलं, शेठ, माझीच चूक झाली, पुन्हा काढतो. त्यांच्या अंगणात फोटो काढला, लाडू खाल्ला, परत आलो. पाहा — मला खरं बोलता येत होतं. तोंडाला लकवा भरला नव्हता. आणि आंजीला? दीड-दोन तासांचा सायकलीचा रस्ता. मी गेलो नाही. त्या घरी जाऊन हात जोडायचे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. का आलं नाही, ते तुम्हाला सांगायला हवं का?

आठ दिवसांनी लहानू फोटो न्यायला आला. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, फोटो बिघडला, बैठकीत कोणीतरी हललं. एवढ्यावर बहुतेक लोक मान खाली घालतात. त्यानं घातली नाही.

"कोन हाललं जी? बाबा तं दगडावानी बसलते."

असं कधी कोणी विचारलं नव्हतं. मग मला ते कडेवरचं पोर आठवलं — पोरवाली बाई हलणारच, कोणालाही पटेल. मी म्हटलं, ती कडेची बाई हलली.

"भागरता?" तो म्हणाला. मग म्हणाला, बरं, बाबांना पुढच्या बाजाराला घेऊन येतो.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. कोणाकडून तरी कळलं की गोमाजी तापानं गेले. मी चुकचुकलो. ती काच घासून साफ केली आणि कोणाच्या तरी फ्रेमला बसवली. धंद्यात असं होतंच, असं म्हणून विसरलोही. होय, विसरलो होतो.

दोन वर्षं गेली असतील. बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बोटाला धरलेलं मूल. मी ओळखलं नाही. वर या म्हटलं तरी ती खालीच थांबली.

"मी आंजीची भागरता," ती म्हणाली. "मले फोटो नाई काढाचा. एकच गोष्ट पुसाची हाये. खरं सांगजा, दादा. मी हालली होती का?"

तीच पुढे बोलत राहिली, खालच्या आवाजात, भांडण करायला आल्यासारखी मुळीच नाही. घरी भिंतीवर बुढ्याच्या फोटोची जागा सोडून ठेवलीय. सासू त्या जागेकडे पाहते आणि मग हिच्याकडे पाहते. नवरा मारत नाही, बोलतही नाही. पण घरी पाहुणा आला, म्हाताऱ्याचा विषय निघाला, की कोणीतरी सांगतंच — हे हालली, म्हणून बुढ्याचं तोंड राह्यलं नाई.

"मी दोन वरसं सांगून राह्यली, मी नाई हालली. मले याद हाये ना. तुमी क्यामेऱ्याची टोपी काढली तवा मी दम रोखून धरला होता. लेकराचे पाय असे मुठीत धरले होते. पण कोनी मानत नाई. तुमच्याजवळ तं काच हाये. तुमाले दिसलं असन."

दिसलं होतं. त्या ओल्या काचेवर मी भिंग फिरवलं होतं, काही वाचवता येतं का म्हणून. दलालाची मुलगी येऊन बसली होती ती म्हाताऱ्यावर. उजवी कड स्वच्छ होती. भागरताच्या लुगड्याचा काठ न् काठ, पोराच्या पायाची बोटं — पाचही मोजता येत होती. इतकं स्थिर उभं राहणारं गिऱ्हाईक मला त्या सबंध वर्षात मिळालं नव्हतं.

दुकानात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं पटवत होतो की कोणीतरी बसलेलं होतं, त्याच्यापुढे अब्रू गेली असती. कोणी नव्हतं. मी, ती आणि ते मूल. एक शब्द बोलायचा होता — नाही. "नाही बाई, तुम्ही हलला नव्हता." एवढं म्हटलं असतं, तर काय गेलं असतं माझं? तिच्यासोबत आंजीला जाऊन लहानूपुढे उभं राहावं लागलं असतं, त्या म्हातारीपुढे उभं राहावं लागलं असतं. मी भ्यालो. भ्यालो म्हणजे तरी काय — मला त्रास नको होता.

मी म्हटलं, "हो बाई. थोड्या हलला होतात तुम्ही. लेकरू हातात असलं की होतं असं."

वर हसलोही. समजूत घालतात तसा.

ती रडली नाही. थोडा वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिली, पोराचे पाय धरले होते त्या मुठींकडे. मग म्हणाली, "मले तं वाटे मी नाई हालली. मंग हाललीच असन." आणि पुढे म्हणाली, "आता घरी जाऊन बुढीच्या पाया पडतो. उगाच भांडली मी दोन वरसं."

मुलाचं बोट धरून ती बाजाराच्या गर्दीत गेली. मी दुकानात बसून राहिलो. थोड्या वेळानं गिऱ्हाईक आलं, मी उठलो आणि पडदा नीट केला.

त्या घरानं तिचं ऐकलं नव्हतं, पण ती स्वतः तर जाणत होती. दोन वर्षं तिच्याजवळ तेवढं एकच होतं. तेही मी काढून घेतलं. ती आंजीला गेली आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी सासूच्या पाया पडली.

पुढे आंजीला एसटी जायला लागली. स्टँड दुकानापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या गाडीत मी एकदाही बसलो नाही.