मुशीला जागा नसलेली गाडी

सगळ्यांनी मिळून गाडीने पाहुण्यांकडे जाण्यात फार मजा असते म्हणे. असेल. मला आता कोणी "चल, गाडी आहे आपली" म्हटलं की डोकं फिरतं. चिखल्याहून तलासरीला आम्ही एकदा तसे गेलो, तेव्हापासून.

धाकट्या बहिणीला दुसरं बाळ झालं होतं. तिचा नवरा तलासरीला सरकारी कचेरीत आहे. पहिलं बाळंतपण आमच्याकडे झालं, हे सासरी. आमच्या किनाऱ्यावरच्या घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं, म्हणजे शार्कच्या जातीच्या माशाचं, कालवण देतात. आईने ओळखीच्या बोटीवरून लहान मुशी निवडून आणल्या, चिरल्या, मीठ लावून अंगणात वाळत घातल्या आणि कावळे हाकलत स्वतः उन्हात बसून राहिली. तिचे गुडघे धड नाहीत, पण ते बोलून दाखवायची तिला सवय नाही. मुलीच्या हातात मुशी द्यायची आणि नातवाला मांडीवर घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

नेमकी तेव्हाच भावाने नवी गाडी घेतली. तो मुंबईला नोकरी करतो. "एसटीने कशाला जाता, मी नेतो," म्हणाला. रविवारी सकाळी मी डहाणूहून रिक्षाने घरी पोचले, तेव्हा आई गाडीला हळदकुंकू लावत होती. नारळ तिनेच फोडला, चाकांखाली लिंबंही तिनेच ठेवली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

मग ती आतून पिशवी घेऊन आली. मुशी आधी कागदात, मग फडक्यात, वरून प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली.

"आई, हे राहू दे," भाऊ म्हणाला. "एसीत वास बसला की निघत नाही."

"डिकीत ठेव," मी म्हटलं.

"डिकीतूनही येतो ताई. तुला गाडीतलं काही कळत नाही."

"मग मी एसटीने घेऊन जाते."

आईने माझा दंड धरला. "भांडू नको गो. पोरगी वाट बघत असंल." आणि तिने पिशवी शेजारणीकडे नेऊन दिली. मुशीला वास असतो, मी नाही म्हणत नाही. पण त्या वासात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने नाकावर रुमाल धरायचा म्हणजे कमाल झाली.

घोलवड, बोर्डी, उधवा. सगळा रस्ता काचा बंद. भाऊ अ‍ॅव्हरेजवर बोलत होता आणि आई दोन्ही हात पदराखाली घेऊन प्लास्टिकवर अवघडून बसली होती. मला वाटलं, थंडी वाजत असेल. वाटेत त्याने मेडिकलसमोर गाडी थांबवली आणि पावडरचा डबा आणला. "दूध वाढायला आता हेच देतात," म्हणाला. आईने डबा उलटसुलट करून पाहिला आणि चांगला आहे म्हणाली. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या मी गिळल्या.

बहिणीने दारातच विचारलं, "आई, मुशी आणलीस ना? दूध पुरत नाही गं त्याला."

"या वेळेला बरी मिळाली नाय," आई म्हणाली.

माझी आई खोटं बोलली. तेही मुलाची लाज राखायला. आणि तो मुलगा खुशाल मोबाइल बघत उभा.

"मिळाली होती," मी म्हटलं. "घरी शेजारणीकडे पडली आहे. याच्या गाडीला चालली नाही."

"ताई, तू प्रत्येक गोष्टीचा इश्यू करतेस."

बहीण त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बाळ आईपुढे धरलं. आई मागे सरकली. हात धुऊन येते म्हणाली. आल्या आल्या एकदा धुतलेच होते, तरी मोरीत साबणाने पुन्हा घासून आली. आम्हा सगळ्यांदेखत तिने तळहात नाकाशी नेले.

"तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे त्याला," ती बहिणीला म्हणाली. "माझ्या हाताला वास हाय."

मला काय झालं सांगता येत नाही. मी बहिणीकडून बाळ घेतलं आणि सरळ आईच्या मांडीवर ठेवलं. भावाला काय काय बोलले ते मला आठवत नाही. तो पुरतं बोलू देईल तर शपथ. आईच मला म्हणाली, "गप बस. त्याला परत गाडी चालवायची हाय."

मग भाऊ म्हणाला, "आई, इकडे बघ." त्याने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी बदाम पाठवले. किती गोड, आजी किती खूश. फोटोत आई हसते आहे. बाळ तिने कोपरांवर तोलून धरलं आहे आणि दोन्ही तळहात त्याला लागू नयेत म्हणून बाहेर, हवेत ठेवले आहेत.